मोटार अडखळते तेव्हां
(नभोवाणीवरील भाषण)



मोटारीचें इंजिन अडखळूं लागलें म्हणजे धन्याचा हात प्रथम कार्ब्युरेटरकडे जातो. तो डोळ्यांपुढें असतो, त्याला फिरविण्याजोग्या चाक्या असतात, आणि त्या फिरविल्या कीं कांहीं तरी फरक पडतोच. अनुभवानें मला मात्र असें वाटूं लागलें आहे कीं, कार्ब्युरेटरला हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं. हा अनुभव मीं कसा विकत घेतला, तें आज आपणांस सांगणार आहें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे वडिलांच्या पश्चात् राहिलेली एम. जी. टी. सी. ही दोन आसनांची गाडी आहे. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन लहानसेंच, १२५० घन सेंटिमीटरचें; सिलिंडर चार, आणि एस. यू. जातीचे कार्ब्युरेटर दोन. डिसेंबर २०२४ मध्यें ती गाडी घेऊन तो माझ्याकडे आला. घरून निघतांना ती सुरेख चाले. परंतु हडपसर मागें टाकून दिवेघाट चढूं लागली कीं गचके देई, खोके, आणि अखेर उभी राही. अर्धा तास विसावा दिला कीं पुन्हां पहिल्यासारखी! एका कारखान्यांत त्याला सांगण्यांत आलें होतें कीं, सबंध इंजिन खोलल्यावांचून गत्यंतर नाहीं. खर्चाचा आंकडा ऐकून त्यानें गाडी विकावयाचें ठरविलें होतें. गिऱ्हाईक येत्या रविवारीं यावयाचें होतें. “सर, एकदां तुम्ही पहा. बाबांची गाडी आहे,” एवढेंच तो म्हणाला.

मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवीत असें, आणि लहानपणच्या सुट्या मिरजेस मामांच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांत घालविलेल्या; तेव्हां अंगांत थोडी घमेंड होतीच. मीं सरळ दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तळाच्या षट्कोनी चाक्या फिरविल्या. किती फिरविल्या, तें मोजलें नाहीं. प्रयोगाची वही अपुरी ठेवणाऱ्या मुलाला मी बाकावर उभा करीत असें. त्या दिवशीं बाकावर मींच उभें राहावयास हवें होतें. सायंकाळपर्यंत गाडी थंड असतांनाहि नीट चालेना. एका दोषाचे दोन झाले.

दुसऱ्या दिवशीं मीं वही काढली. पहिला प्रश्न हा कीं, मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तें कोणत्या सिलिंडरांत होतें? या इंजिनांत ठिणगी एक, तीन, चार, दोन या क्रमानें पडते. लांकडी मुठीच्या पेचकसाचें पातें इंजिनाच्या धातूला टेकवून मग एकेका प्लगच्या टोंकाशीं नेलें कीं, त्या सिलिंडरची ठिणगी बंद होते. (नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर हा प्रयोग कोणीं करूं नये, नुकसान होईल.) काम करणारा सिलिंडर असा बंद केला कीं इंजिनाचा सूर उतरतो, ज्याच्या बाबतींत उतरत नाहीं, तो आधींच निकामी.

आतां विचार करा. एकच सिलिंडर चुकत असेल, तर दोष त्याच्या प्लगचा, तारेचा किंवा व्हाल्वचा. पहिला व दुसरा, किंवा तिसरा व चौथा, अशी शेजारची जोडी चुकत असेल, तर त्या जोडीला पेट्रोल पुरविणाऱ्या कार्ब्युरेटरचा संशय घ्यावा. हेडचें गॅस्केट दोहोंच्या मधें फुटलें तरी शेजारीच बिघडतात; पण तें दुखणें अर्ध्या तासाच्या विसाव्यानें बरें होत नाहीं. आणि चारहि सिलिंडर क्रम न पाळतां चुकत असतील, तर चौघांत समाईक काय आहे तें शोधावें. आमची गाडी तापली म्हणजे चारहि चुकत. समाईक म्हणजे एक तर पेट्रोलची वाट, नाहीं तर विजेची.

निवाडा घाटांतच व्हावयाचा होता. गाडी ठरल्याप्रमाणें थांबली. या गाडीचा पेट्रोल-पंप विजेवर चालतो. किल्ली फिरविली कीं टक्‌टक्‌ करतो, आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या कीं गप्प बसतो. तो दोन-तीनदां वाजून थांबला. किल्ली बंद करून वाट्यांचीं झांकणें काढलीं. त्या कांठोकांठ भरलेल्या. म्हणजे उष्णतेनें पेट्रोलची वाफ होऊन नळी कोंडली असावी, हा माझा आवडता तर्क तेथेंच संपला. झांकणें लावून, सांडलेलें पेट्रोल पुसून व वाळूं देऊन, मग डिस्ट्रिब्यूटर उघडला आणि किल्ली लावून हॅण्डल हळूहळू फिरविलें. पॉइंट उघडतांना तेथेंच जाडजूड ठिणगी उडे, आणि प्लगच्या तारेशीं मात्र पिवळट, मरतुकडी!

पॉइंट उघडतांच कॉईलमधील प्रवाह एका झटक्यांत तुटला, तरच प्लगला लागणारा हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तुटत्या प्रवाहाला क्षणभर पोटांत घेण्याचें काम कंडेन्सर नांवाची बोटाच्या पेराएवढी डबी करते. तिच्या आंतलें वेष्टण तापून गळूं लागलें कीं, ती शक्ति पॉइंटांच्या फटींतच जळून जाते. थंड झालें कीं डबी पुन्हां शहाणी. खिशांत एक नवा कंडेन्सर होता, तो तेथेंच तारेनें बांधला. मस्तानी तलाव खालीं दिसूं लागला आणि मागें पडला, तरी गाडी खोकली नाहीं. विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं, मीहि नाहीं.

माझा दोष निस्तरावयाचा राहिला होता. कार्ब्युरेटरचा पिस्टन इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकाच उचलावा. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच बसूं लागलें तर कमी. क्षणभर किंचित् वाढून पूर्ववत् झालें तर ठीक. चाकी एकेका पैलूनें फिरवावी व दर वेळीं लिहून ठेवावें. आपल्याकडील पेट्रोलांत इथेनॉल असतें. २०२५ सालीं त्याचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. एक भाग पेट्रोलला वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला अवघी ९. म्हणून जुन्या मापावर ठेवलेलें मिश्रण पातळ पडतें व इंजिन कार्ब्युरेटरांतून खोकतें. आम्हीं दोन्ही चाक्या दोन-दोन पैलू खालीं घेतल्या, तेव्हां प्लग बिस्किटी रंगाचे झाले. रबरी नळ्याहि बदलल्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाहीं.

रविवारीं गिऱ्हाईक आलें, चहा घेऊन गेलें. तो कंडेन्सर माझ्या टेबलाच्या खणांत आहे. वहींत दुसऱ्या दिवसापासूनचे सर्व आंकडे आहेत. पहिल्या दिवसाची जागा कोरी आहे.