सही करण्याआधी



अध्यक्षाने गोड बोलून हार घ्यावा, अशी या खुर्चीची रीत आहे. आज ती मोडतो. आपल्या प्रबंधांतली संदर्भसूची बहुतेक वेळा शोभेची असते, आणि ती तशीच खपवून घेणारे तुम्ही-आम्ही मार्गदर्शक आहोत.

परवा तपासायला आलेल्या एका प्रबंधात तळटीप होती : ‘राजवाडे वि. का., मराठ्यांच्या इतिहासाची साधने, पुणे.’ बस्स! अहो, साधनांचे खंड २२! पहिला १८९८ सालचा. आणि सगळे काही पुण्यात छापलेले नाहीत. राजवाड्यांनी पत्रागणिक लेखांक घातला तो कशासाठी? कुणीही उठून ते पत्र ताडून पाहावे म्हणून. या उमेदवाराने साधने हातातही धरली नव्हती. उतारा घेतला तिसऱ्याच्याच पुस्तकातून, मग त्या बिचाऱ्याचे नाव गाळून राजवाड्यांचे लावले. ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ एवढे लिहायला कमीपणा कसला वाटतो?

तुकोबांचेही तेच. ‘गाथा, अभंग क्रमांक अमुक.’ कुठली गाथा? १८७३ची इंदुप्रकाशची, देहूची, की जोगमहाराजांची? अभंगांचे क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत. आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गावाचे नाव न घालता टाकलेले पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. आपण त्याचा परवाना करून टाकला! ‘सर, नऊ टक्के आले,’ म्हणत पोरे पेढे घेऊन येतात आणि आपण ते खातो. क्रियापद बदलले, वाक्य उलटेपालटे केले की साम्य मोजणारे यंत्र गप्प बसते. विचार कुणाचा होता, हे ते विचारत नाही. ते आपण विचारायचे होते. शिवाय श्रेय देऊन घेतलेले अवतरण त्या मोजणीत धरायचेच नाही, असे त्याच नियमांत आहे. मग नाव लपवायचे कारण काय?

संदर्भ एमएलए पद्धतीने द्यायचे की शिकागो, यावर तासभर भांडणाऱ्यांना माझा नमस्कार. कुठलीही पद्धत घ्या, पण एकच घ्या आणि पुरती पाळा.

‘मराठीला ही शिस्त परकी’ हे तर मला ऐकवूच नका. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. कुठल्या पोथीत कोणता पाठ, हे पानोपानी तळाशी नोंदवलेले आहे. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कित्येक पानांवर तळटिपा मजकुरावर चढलेल्या दिसतात. तेव्हा कुणाच्या टेबलावर संगणक होता?

म्हणून मागणी एकच. मौखिक परीक्षेच्या दिवशी प्रबंधातल्या कोणत्याही पाच तळटिपा निवडा आणि उमेदवाराला ती पुस्तके समोर ठेवून पान उघडायला लावा. नाही उघडता आले, तर सही करू नका. मग तो कुणाचा का विद्यार्थी असेना.