प्रगतिपुस्तकातला एक रकाना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुझ्या विषयातले काहीतरी सांग, पण दहा मिनिटांत,' अशी संयोजकांची आज्ञा आहे. म्हणून एका जिवाणूबद्दल बोलतो. नाव ई. कोलाय, मुक्काम आपल्या सर्वांच्या आतड्यात, लांबी मिलिमीटरच्या साधारण पाचशेव्या भागाएवढी.

शाळेत आपण जिवाणूच्या आकृतीला नागमोडी केस काढून 'कशाभिका' असे नाव द्यायचो. त्या शेपटीसारख्या वळवळत असतील, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्या गोल फिरतात. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन या शास्त्रज्ञांनी कशाभिका काचेला चिकटवून ठेवली, तेव्हा जिवाणूचे अंगच भिंगरीसारखे फिरू लागले! कशाभिकेच्या मुळाशी मोटर असते. पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर ती चालते आणि सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक फेरे घेते.

मोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते तेव्हा कशाभिकांची एक जुडी बनते आणि जिवाणू सरळ पोहतो. ती काट्यांच्या दिशेने फिरली की जुडी सुटते, जिवाणू कोलांटी खातो आणि जिकडे तोंड होईल तिकडे निघतो. त्याला सुकाणू नाही. कोलांटी लवकर खायची की उशिरा, एवढेच त्याच्या हातात.

हे ठरवते 'की-वाय' नावाचे छोटे प्रथिन. 'की-ए' हे दुसरे प्रथिन त्याला फॉस्फेटचा गट देते. तो घेऊन की-वाय मोटरपाशी जाते, तिथल्या 'फ्लि-एम' या प्रथिनाला चिकटते आणि मोटरची दिशा उलटण्याची शक्यता वाढते. 'की-झेड' तो फॉस्फेट काढून घेते, म्हणजे निरोप शिळा होऊन पडून राहत नाही. आसपास अन्न वाढू लागले की की-ए मंदावते, कोलांट्या कमी होतात आणि जिवाणू त्याच वाटेने अधिक वेळ जातो. चुकीच्या वाटेवर कोलांटी लवकर येते. एवढ्या साध्या हिशेबावर तो अन्नापर्यंत पोहोचतो.

पण अन्न वाढते आहे हे त्याला कळते कसे? इथे आणखी दोन प्रथिने येतात. 'की-आर' अन्न ओळखणाऱ्या ग्राहींवर मिथाइल गट चढवते, 'की-बी' ते उतरवते. हे काम सावकाश चालते, आणि तीच जिवाणूची स्मरणशक्ती. जेमतेम काही सेकंदांची! आत्ताची स्थिती तो काही सेकंदांपूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहतो. अन्न भरपूर असले तरी वाढ थांबली की थोड्याच वेळात कोलांट्या पूर्ववत सुरू होतात. मग पुन्हा शोध.

मित्रांनो, या मेळाव्यासाठी फोन करताना काही जणांनी मला सांगितले, "येऊन काय सांगू? तुम्ही सगळे कुठल्या कुठे गेलात." कोणी शिक्षण अर्ध्यावर सोडले होते, कोणाचा धंदा बुडाला होता. त्यांतले काही आज आले आहेत, काही आले नाहीत. न आलेल्यांची खुर्ची मला सकाळपासून दिसते आहे.

जिवाणूला मन नसते, त्याच्यापासून बोध घेऊ नये, हे मला कळते. पण इतकी वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पाहताना एक गोष्ट मनात राहिली आहे. आपल्या प्रगतिपुस्तकात 'वर्गातील क्रमांक' असा रकाना असायचा. जिवाणूच्या प्रगतिपुस्तकात तो नाही. शेजारचा किती पुढे गेला, हे त्याची मोटर विचारत नाही. मघापेक्षा आत्ता बरे आहे का, एवढेच ती विचारते. नसेल तर कोलांटी खाऊन पुन्हा निघते.

न आलेल्यांना उद्या आपण फोन करू या. कुठे पोहोचलास, हे विचारायचे नाही. मघापेक्षा बरे आहे ना, एवढेच विचारायचे.