संगणक घरी हवा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात, बडोदे येथे केलेले भाषण)



श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु नुसत्या शाळेने भागत नाही, हे जाणून पुढे त्यांनी ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या.

आज संगणकाचे तसेच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतील १०० घरांपैकी सुमारे २३ घरीच संगणक आढळला. खेड्यांत अवघ्या ४ घरी. २०२० साली वर्ग इंटरनेटवर भरू लागले, तेव्हा ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तेथील मुलांचा अभ्यास बुडाला.

यास्तव आपणांस आमची विनंती अशी की, घरी पडून असलेला जुना लॅपटॉप आतील खाजगी माहिती पुसून संस्थेस द्यावा. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून लिनक्स घातले, तर तो बहुधा आणखी काही वर्षे काम देतो. मात्र दरमहाचे बिल थकले की यंत्र कोपऱ्यात पडते. म्हणून सोबत वर्षभराच्या इंटरनेटचा खर्चही उचलावा.

आपण फी व पुस्तके देतो, त्याच नात्याने हेही द्यावे. हे उपकार नव्हेत, कर्तव्य होय.