अंगणातली सदाफुली आणि रानातली कळलावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कुणी इकडचे तिकडे सांगून भांडण लावले की आपण तिला कळलावी म्हणतो. आज मी त्या बाईविषयी नाही, त्या नावाच्या वेलीविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मुलगी कॉलेजात सायन्स शिकते, तिने समजावले ते सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

कारण घरातलेच आहे. माझ्या सासूबाईंना साखरेचा आजार. कुणीतरी सांगितले, सदाफुलीचा पाला खा, गोळ्या कशाला? त्यांनी गोळ्या सोडल्या, आणि पाला रोज मीच खुडून दिला. महिन्याभरात त्या चक्कर येऊन न्हाणीत पडल्या. साखर फार चढली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, या झाडातून कॅन्सरची औषधे काढतात, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. देवाच्या कृपेने सासूबाई बऱ्या झाल्या, पण ते शब्द मनातून जाईनात.

आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे नुसता पाण्याचा थेंब नव्हे. तिच्या आत लग्नाच्या मांडवासारखा सांगाडा असतो, आणि तो प्रथिनांचा असतो. त्यात तीन प्रकार. ट्यूब्युलिनच्या पोकळ नळ्या, त्या वेळूसारख्या. ॲक्टिनचे बारीक धागे, ते सुतळीसारखे. आणि तिसरे मजबूत दोर. आपले केस आणि नखे ज्या केराटिनची, ते त्यातलेच. या सांगाड्याने पेशीला आकार येतो. मांडव जसा उभारतात आणि सोडतात, तशा या नळ्या आणि धागे पेशी सारखे जोडते नि सोडते. रक्तातली पांढरी पेशी पुढच्या बाजूला ॲक्टिनचे धागे जोडत जखमेकडे सरकते. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी ट्यूब्युलिनच्या नळ्याच आतला ऐवज दोघींना सारखा वाटून देतात.

कळलावीच्या कंदात कोल्चिसीन नावाचे विष असते. ते ट्यूब्युलिनला चिकटते, मग नळ्या जोडल्याच जात नाहीत. जिथल्या पेशी भराभर वाढतात तिथे पहिला घाव बसतो. म्हणून कंद पोटात गेला तर आधी उलट्या-जुलाब होतात, आणि माणूस वाचले तर पुढे केस गळतात. अगदी थोड्या मापात हेच कोल्चिसीन डॉक्टर वातरक्ताच्या सुजेवर देतात, कारण त्याने पांढऱ्या पेशींची सांध्याकडची धाव मंदावते.

सदाफुलीची औषधेही त्याच नळ्यांवर चालतात. गंमत अशी की कॅनडातले नोबल आणि बीअर हे संशोधक या पाल्यात साखरेचेच औषध शोधत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यावरून 1958 साली व्हिनब्लास्टिन हाती आले. त्याचीच बहीण व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. त्या औषधाने किती लेकरे वाचली आहेत! पण ते मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचे. माझ्या मुठीतल्या पाल्याला माप कुठे होते?

कळलावी हे नाव बाळंतपणाच्या कळांवरून पडले. पूर्वी सुईणी कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावीत. त्या बायांनी आपल्या आज्यांना हात दिला, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण आज दवाखाना असताना तो कंद घरात आणू नये.

पावसाळ्यात सातपुड्याच्या रानात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले दिसतील. लेकरांना दाखवा, पण सांगा की कंद रताळ्यासारखा दिसतो आणि जीव घेतो. कुणी चुकून खाल्लाच तर घरगुती उपाय करत बसू नका. त्या वेलीचा तुकडा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्या गोळ्या बंद करू नका.

सदाफुली मी उपटली नाही. रोज सकाळी तिची फुले देवाला वाहते. पाला मात्र झाडावरच राहू देते.