कोरी ओळ आणि बिनविरोध निवड



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना प्रथम मी विनम्र अभिवादन करतो. स्मृतिव्याख्यानासाठी सहसा साहित्य, इतिहास किंवा संतवाङ्मय यांतील विषय घेतला जातो. मी मात्र नागरिकशास्त्राचा विषय निवडला आहे. शाळेत हा विषय इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेला असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला जातो. पुढे आयुष्यभर उपयोगी पडणारा विषय मात्र तोच. आज आपल्यासमोर मांडायचा प्रश्न असा की, मतपत्रिकेवर कोणाची नावे असावीत हे ठरविण्यात मतदाराचा वाटा किती? आणि तेथे एकच नाव उरले, तर मतदाराला विचारण्याचे कारणच संपते काय?

हा प्रश्न सुरतेत विचारण्यास कारण घडले ते एप्रिल २०२४ मध्ये. लोकसभेच्या सुरत मतदारसंघात छाननीच्या वेळी काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जांवरील सूचकांच्या सह्यांबद्दल हरकत निघाली. ‘या सह्या आमच्या नाहीत’ असे सूचकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले आणि २१ एप्रिलला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळले. पर्यायी उमेदवाराचा अर्जही त्याच कारणाने गेला. दुसऱ्या दिवशी, माघारीच्या अखेरच्या मुदतीत, उरलेल्या आठही उमेदवारांनी अर्ज मागे घेतले आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. मतदान ७ मे रोजी व्हावयाचे होते. सतरा लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघात त्या दिवशी एकही मतदानकेंद्र उघडले नाही. उधना, लिंबायत, मजुरा हे शहराचे भाग नवसारी मतदारसंघात मोडतात, म्हणून लिंबायतीतले आपले खानदेशी बांधव त्याच दिवशी रांगेत उभे होते. एकाच शहरात एकाच्या बोटाला शाई लागली आणि दुसऱ्याचे बोट कोरे राहिले.

हे सारे कायद्याला धरूनच झाले, हे आधी स्पष्ट करतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ५३ सांगते की, जागा जितक्या तितकेच उमेदवार उरले तर त्यांना तत्काळ निवडून आलेले घोषित करावे. कोणी कोणाला माघार घ्यावयास लावले, याची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर झाली. त्या वादात मला शिरावयाचे नाही. माझा आक्षेप व्यक्तींवर नाही, त्या कलमावर आहे. उमेदवारांनी आपसांत जे ठरविले, ते मतदारांनीही ठरविले असे हे कलम गृहीत धरते.

याच्या शेजारी एक परदेशी उदाहरण ठेवतो, कारण तेथेही प्रश्न सह्यांचाच होता. २००२ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन शहराचे महापौर अँथनी विल्यम्स पुन्हा उभे राहत होते. त्या देशात पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे नेते ठरवीत नाहीत. त्यासाठी पक्षाच्या मतदारांची आधी एक निवडणूक होते, तिला प्राथमिक निवडणूक म्हणतात. तीत नाव छापून येण्यासाठी ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या द्याव्या लागतात. विल्यम्स यांच्या कागदांत बनावट सह्यांचा सुळसुळाट निघाला. निवडणूक मंडळाने त्यांचे नाव मतपत्रिकेवरून काढले, न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला आणि भरभक्कम दंडही झाला. येथवर सुरत आणि वॉशिंग्टन यांच्यात फारसा फरक नाही. फरक पुढे आहे. तेथल्या मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक कोरी ओळ असते. छापलेल्यांपैकी कोणी नको असेल, तर मतदाराने आपल्या हाताने नाव लिहावे आणि ते मत मोजले जावे, अशी सोय आहे. विल्यम्स त्या कोऱ्या ओळीच्या भरवशावर उभे राहिले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी धर्मोपदेशक विली विल्सन हेही तसेच, लिहून दिलेल्या नावाचे उमेदवार होते. सप्टेंबरमध्ये हजारो लोकांनी नावे हाताने लिहिली आणि विल्यम्स मोठ्या फरकाने विजयी झाले. उमेदवाराच्या माणसांनी केलेल्या गैरप्रकाराची शिक्षा उमेदवाराला झाली, परंतु मतदारांचा निवडीचा हक्क त्यामुळे बुडाला नाही.

ही कोरी ओळ तेथे अधूनमधून चमत्कार घडविते. १९६४ साली हेन्री कॅबट लॉज हे व्हिएतनाममध्ये राजदूत होते. प्रचाराला मायदेशी न येताही न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक त्यांनी अशाच मतांवर जिंकली. २०१० साली अलास्कात लिसा मुर्कोव्स्की प्राथमिक निवडणुकीत हरल्या. मग मुख्य निवडणुकीत लोकांनी त्यांचे नाव लिहून त्यांना सिनेटवर पाठविले. आडनाव अवघड, म्हणून त्यांच्या कार्यकर्त्यांनी ते छापलेली रबरी कडी वाटली होती. शुद्धलेखनाच्या चुकांवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

मग आपणही ती ओळ मागावी काय? मला तसे वाटत नाही. शुद्धलेखनाचे एक वेळ सोडून द्या, पण सुरतेत मतदाराने नुसते ‘पाटील’ असे लिहिले तर कोणते पाटील समजावे, हे ठरविण्यास स्वतंत्र आयोग नेमावा लागेल! खरी अडचण याहून गंभीर आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार, ज्या मतपत्रिकेवरील खुणेवरून वा अक्षरावरून मतदार ओळखू येईल ती बाद होते. हा नियम अनुभवातून आलेला आहे. हस्ताक्षर म्हणजे ओळख. गावात मालकाने, सावकाराने किंवा भाऊबंदांनी ‘अमुक वळणाने लिही, मी मोजणीच्या वेळी पाहीन’ असे सांगितले, तर त्या मताची गुप्तता उरली कोठे? ज्या समाजात मत देणारा माणूस दुबळा आहे, त्या समाजात त्याचे अक्षर त्याच्यावरच उलटू शकते.

आपल्या निवडणुकीची घडणही याच जाणिवेतून झाली. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती. म्हणून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवण्यात आली. मतदाराने काही लिहावयाचे नाही, नुसता कागद हव्या त्या पेटीत टाकावयाचा. लिहिण्याचे राहू द्या, नाव सांगण्याचाच प्रश्न होता. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ यापलीकडे नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद मतदारयादीतून काढावी लागली. पुढे शिक्का आला आणि मग यंत्र आले. यंत्रावर तर कोऱ्या ओळीला जागाच नाही. ही व्यवस्था मुकी असली तरी तिने एकेका मताला पूर्ण वजन दिले. १९५२ साली मुंबई विधानसभेसाठी मोरारजी देसाई बलसाड-चिखली मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले. त्याच मोरारजींना सुरतेने १९५७ पासून पाच वेळा लोकसभेवर पाठविले.

कोऱ्या ओळीच्या जागी आपल्याकडे नकाराचे बटण आले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निर्णय दिला आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, म्हणजे आपण ज्याला ‘नोटा’ म्हणतो तो, यंत्रावर आला. त्याचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय रचनासंस्थेने तयार केले. हा पर्याय लोक वापरीत नाहीत असे नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुखांच्या खालोखाल मते ‘नोटा’ला होती, २७,५०० इतकी. मराठी माणसांचे जुने घर असलेल्या इंदूरमध्ये २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली, तेव्हा २,१८,६७४ मतदारांनी ते बटण दाबले. सुरत आणि इंदूर यांत काही दिवसांचेच अंतर होते. इंदूरला इतर उमेदवार मैदानात राहिले, म्हणून तेथल्या नाराज माणसाला निदान नाराजी नोंदविता आली. सुरतेच्या मतदाराला तेवढेही मिळाले नाही. आणि सुरत ज्या राज्यात आहे त्या राज्याने २००९ साली स्थानिक संस्थांसाठी मतदान सक्तीचे करणारे विधेयक संमत केले होते, हे विशेष! २०१४ मध्ये त्याला राज्यपालांची मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मत न देणाऱ्याला दंड करावा असा विचार ज्या भूमीत झाला, तेथेच मत देऊ इच्छिणाऱ्याला केंद्र मिळू नये, यावर अधिक भाष्य नको.

लोकसभेत असे क्वचितच घडते, मग एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. पण बिनविरोधाचे खरे माहेर ग्रामपंचायत आहे. गुजरातेत २००१ पासून ‘समरस’ गावांना, म्हणजे बिनविरोध पंचायत निवडणाऱ्या गावांना, वाढीव अनुदान मिळत आले. हेतू चांगला होता. निवडणुकीने भावाभावांत उभे राहणारे वैर ज्याने पाहिले आहे, त्याला एकोप्याचे मोल सांगावे लागत नाही, आणि असा एकोपा काही गावांत खराच असतो हे मी मान्य करतो. परंतु तो कसा ठरतो? जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदासाठी लिलाव बोलला गेला. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीची ४२ लाखांवर. पैसा देवळासाठी, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. नंदुरबार जिल्हा म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळाचा मुलूख, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतो. देवळाला पैसा मिळाला असता, पण ज्याच्यापाशी बोली लावण्याइतके पैसे नाहीत, त्याच्या संमतीला गावाच्या संमतीत जागा कोठे होती? एकमताची परीक्षा गुप्त मतदानानेच होते. चावडीवर हात वर करणारा माणूस आपल्या शेजाऱ्याकडे पाहून हात वर करतो.

महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी, असा आदेश आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला. हरियाणाने त्याच वर्षी त्याचे अनुकरण केले. नकाराला प्रथमच परिणाम मिळाला. माझी सूचना याच्या एक पाऊल पुढची आहे. रिंगणात एकच उमेदवार उरला तरी मतदान व्हावे, आणि ‘नोटा’ हा त्याचा प्रतिस्पर्धी मानला जावा. गावात खरोखरच एकोपा असेल तर त्या उमेदवाराला भरभरून मते पडतील आणि त्याचे पदही अधिक शोभेल. खर्च होईल, हे खरे. पण दहा उमेदवार असताना जो खर्च आपण बिनतक्रार करतो, तो एक उरताच एकदम उधळपट्टी कसा ठरतो, हे मला उमगलेले नाही.

याच कलमाला आव्हान देणारी विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२५ मधील सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले की, एकट्या उमेदवारालाही काही किमान टक्के मते मिळणे आवश्यक का करू नये? प्रश्न न्यायासनावरून विचारला गेला, हेही थोडके नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मतपत्रिकेवरील नावे ठरविण्यात सामान्य मतदाराचे हस्ताक्षर एकाच जागी कामाला येते, ते उमेदवारी अर्जावरील सूचकाच्या सहीत. नाव यंत्रावर चढते ते त्या सहीमुळे, आणि सुरतेत जे कोसळले ते त्याच सहीपाशी. तरुण विद्यार्थ्यांना तिची रीत ठाऊक असावी. लोकसभा आणि विधानसभेसाठी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघातील मतदार असावे लागतात. इच्छापोर २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत सूचक म्हणून सही केलेली वडीलधारी मंडळी आज या सभागृहातही असतील. सही करताना उमेदवाराविषयी काय विचारावे, आणि पुढे कोणी ती नाकारावयास सांगितले तर काय उत्तर द्यावे, हे त्यांच्याकडून ऐकून घ्यावे, अशी माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे.