पडद्यामागचे ट्रंपेट

2 ऑगस्ट 1954 रोजी आपले सिल्वासा फिरंगी अमलातून मुक्त झाले आणि त्या लढ्याच्या निधीसाठी सुधीर फडके यांच्या खटपटीने लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यास झाला होता, ही हकीकत येथील जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. गाण्याचे ऋण आपण मानतो. परंतु त्याच अमलाखालील गोव्यातून, चर्चच्या शाळेत व्हायोलिन व स्वरलेखन शिकून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या वादकांचे ऋण आपल्या खतावणीत कोठेच जमा नाही.

जॅझची गोडी त्यांना लागली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या सहवासाने. ज्या देशात ड्यूक एलिंग्टनसारख्या नामवंतासही दक्षिणेच्या दौऱ्यात हॉटेलांचे दरवाजे बंद असल्यामुळे आगगाडीचे स्वतंत्र डबे ठरवून त्यांतच रात्र काढावी लागे, त्या देशातून निघालेला, शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपल्या ताफ्यासह मानाने वाजवीत असे. 1945 साली तो कलकत्त्यास पटकीने वारला.

गोव्यातील हळदोण्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. त्याच्या गाववाल्या वादकांपैकी कित्येकांचे मुंबईतील बिऱ्हाड म्हणजे धोबीतलावाकडची कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामाईक बिऱ्हाडघर: माणशी एक ट्रंक, तिच्याशेजारी पथारी, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतील नाचाचे दिवस सरू लागले, तसे हे लोक सिनेमाकडे वळले. तेथील रिवाज मोठा चमत्कारिक. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. अरेंजर ती कागदावर उतरवून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट अशा प्रत्येक वाद्याचा वेगळा तुकडा लिही. वादकांस बैठकीची बिदागी मिळे. आणि तबकडीवर नाव छापले जाई ते संगीतकाराचे, गायकाचे. अरेंजरला फार तर ‘सहायक’ एवढा हुद्दा! या व्यवहारास चोरी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण चाल संगीतकाराचीच असे. पण तिला अंगावर घालण्याचे कपडे कोणी शिवले, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा चिकवर लोभ होता. त्यांचेच संगीत असलेल्या, भगवानदादांच्या 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही आला आहे. 1967 साली तो वारला. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा भगवान आणि गीताबालीच्या नाचावरून नजर जरा मागे न्या. ट्रंपेट फुंकणारा तो चिक.