वकिलाच्या ऑफिसात ज्युनियर का टिकत नाही?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलांच्या ऑफिसांबद्दल बोलायला एका डिप्लोमा इंजिनिअरला का उभं केलं, असं काहींना वाटत असेल. समोर दोन-तीन वकील काका बसले आहेत, त्यांना तर नक्कीच. कारण साधं आहे. पोलोग्राउंडला आमच्या वीज वितरण कंपनीत माझ्याकडे गेली काही वर्षं कोर्टाच्या प्रकरणांचं काम आहे. प्रत्येक प्रकरणात आमच्याकडून एक प्रभारी अधिकारी नेमतात. त्यानं फाइल घेऊन वकिलाकडे जायचं, पंचनामा कसा झाला, बिल कसं काढलं हे समजावायचं आणि तारखेला हजर राहायचं. त्यामुळे माझ्या पुष्कळ संध्याकाळी वकिलांच्या ऑफिसातल्या बाकावर जातात. बाकावर बसलेल्या माणसाला बरंच काही दिसतं.

एका ऑफिसात बिलाचं एकच प्रकरण मी दोन वर्षांत चार ज्युनियरांना समजावलं. मोठ्या कनेक्शनला मीटरवरच्या आकड्याला सीटीच्या गुणकानं गुणावं लागतं, सगळा वाद त्या गुणकाचा. पहिल्या मुलीनं इतकं स्वच्छ टिपण काढलं होतं की माझ्या हाताखालच्या माणसालाही जमलं नसतं. ती सोडून गेली आणि टिपणही कुठल्यातरी गठ्ठ्यात गेलं. चौथ्या मुलानं मला विचारलं, "सर, सीटी म्हणजे काय?" म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्या पानावर. वकीलसाहेब म्हणाले, "आजकालची मुलं टिकतच नाहीत हो."

पण त्याच ऑफिसातले मुंशीजी तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच आहेत. माणसं टिकत नाहीत हे काही खरं नाही, ज्युनियर टिकत नाही हे खरं. फरक बघा. पक्षकार फीबरोबर मुंशियाना वेगळा देतो, ही जुनी रीत आहे. तारीख कुठली, नक्कल कधी मिळेल, हे पक्षकार मुंशीजींनाच विचारतो. त्यांच्या कामाला नाव आहे आणि दामही आहे. ज्युनियरनं रात्री अकरापर्यंत बसून अर्ज तयार केला तरी खाली सही सीनियरची, फी सीनियरची. पक्षकाराला त्या मुलीचं आडनावही माहीत नसतं.

आता कायद्याकडे येतो. 1961 साली संसदेनं दोन कायदे केले, एक अॅडव्होकेट्स अॅक्ट आणि दुसरा अप्रेंटिस अॅक्ट. पुढे 1973 साली दोन्हींत दुरुस्ती झाली. अप्रेंटिस कायद्यात त्या वर्षी पदवी आणि डिप्लोमावाल्यांना घेतलं. म्हणून पुढे माझ्यासारख्या पोरांना डिप्लोमा संपताच वर्षभर विद्यावेतनावर शिकता येऊ लागलं. रक्कम चहा-पोह्यांच्या हिशेबाचीच असायची, पण कायद्यानं ठरलेली. त्याच 1973 साली वकिलांच्या कायद्यातून सनद मिळण्याआधीच्या सक्तीच्या प्रशिक्षणाची अट काढून टाकली. बार कौन्सिलनं 1995 मध्ये नियम करून वर्षभराचं प्रशिक्षण परत आणायचा प्रयत्न केला, पण 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम कौन्सिलच्या अधिकाराबाहेरचे ठरवून रद्द केले. म्हणजे मीटर तपासायला शिकणाऱ्याला शिकवण्याची जबाबदारी कोणाची आणि त्याला किती द्यायचे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. माणसाचं घर, जमीन, अटक हे विषय हाताळायला शिकणाऱ्याचं काहीच लिहिलेलं नाही.

दुसरी अडचण बार कौन्सिलच्या नियम 49 ची. वकिली चालू असताना वकिलाला कोणाचंही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. हेतू चांगला आहे, वकील कोणाच्या दावणीला बांधलेला नसावा. पण याचीच दुसरी बाजू अशी की ज्युनियर हा कर्मचारी नाही, म्हणून त्याला भविष्यनिधी नाही, रजेचा हक्क नाही, नेमणूकपत्रही नाही. सीनियरनं पाकीट दिलं तर दिलं. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये रक्कम चांगली मिळते, ती 'रिटेनर' या नावानं. तिथूनही मुलं काही वर्षांत सनद स्थगित करून कंपन्यांच्या विधी विभागात जातात. तिथे दमछाक हे कारण असतं. इंदूरला मात्र मुळात पाकिटाचाच प्रश्न आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. परिपत्रक आहे ते, शिफारस. आम्ही सरकारी माणसं, शिफारस आणि आदेश यांतला फरक आम्हाला कोणी शिकवायला नको. आणि वकिलांचीही बाजू आहे. ज्यांची स्वतःचीच फी सहा-सहा महिने अडकते, त्यांनी दर महिन्याला वीस हजार कुठून आणायचे? त्यात शासकीय पक्षकारांचाही हात असतो, हे मी इथे हळू आवाजात सांगतो.

म्हणून माझं म्हणणं रकमेपेक्षा तारखेबद्दल आहे. आठ हजार द्या, पण सात तारखेला द्या. "बघू, या प्रकरणाची फी आली की" हे ऐकून मुलगा जातो. आठ हजारांत निदान खोलीचं भाडं आणि डब्याचा हिशेब बसतो, न आलेल्या वीस हजारांत बसत नाही.

पैशाच्या बरोबरीनं नावाचा प्रश्न आहे. मुंबईचे सर जमशेदजी कांगा केवढे मोठे वकील! त्यांच्या चेंबरमध्ये नानी पालखीवाला ज्युनियर म्हणून आले. 1950 साली आयकर कायद्यावरचा ग्रंथ निघाला, त्यावर नावं 'कांगा आणि पालखीवाला' अशी दोन. पालखीवाला तेव्हा अवघे तीस वर्षांचे. मेहनत बरीचशी तरुण माणसाची होती, आणि सीनियरनं ती झाकली नाही. आपल्याकडे ग्रंथ नको, वकालतनाम्यावर ज्युनियरचं नाव तरी घाला. तारीख वाढवून मागण्यापलीकडे एखादा छोटा युक्तिवाद त्याला करू द्या. पक्षकारासमोर "हे प्रकरण या बघतायत" एवढं म्हणा. याला पैसा लागत नाही.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. अनुभवाचा दाखला दहा वर्षं जुन्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागते. आता कोणी म्हणेल, चला, ज्युनियर तीन वर्षं तरी हलणार नाही. मला याची काळजी वाटते. दाखल्यासाठी अडकलेला मुलगा टिकलेला नसतो. तो फाइलखाली परीक्षेचं पुस्तक ठेवून बसतो आणि चौथ्या वर्षी जातोच. सीनियरला तीन वर्षं फुकटचा हात मिळतो आणि पक्षकाराला अर्धं लक्ष.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली बी.ए. एलएल.बी. करतायत. इथली ऑफिसं संध्याकाळी सातनंतर भरतात, बहुतेक वकीलसाहेबांच्या घराच्या पुढच्या खोलीत. साडेदहाला सुटून ती मुलगी राऊ किंवा महूकडे कशी जाणार, हा विचार ऑफिसनं करायचा की तिच्या बाबांनी स्कूटर घेऊन बाहेर उभं राहायचं? एका वकीलसाहेबांनी मुलींचं काम दुपारी चार ते आठ केलं. त्यांच्याकडची एक ज्युनियर आता सहाव्या वर्षात आहे, आणि माझं सीटीचं टिपण मी तिला एकदाच दिलं.

आणि आपण पालक? "अजून कोणाच्या हाताखालीच का?" हे लग्नाच्या बैठकीत विचारणारे आपणच. पहिली तीन-चार वर्षं घरानं सांभाळायची असतात, दुकान टाकणाऱ्याला सांभाळतो तशीच. पण मुलाला कुठेही पाठवण्याआधी त्या ऑफिसात एकदा जाऊन बसा. वकीलसाहेबांना काही विचारू नका. मुंशीजींना चहा पाजा आणि एवढंच विचारा की आधीचा ज्युनियर किती दिवस होता, आणि आता कुठे आहे.